शनिवारी सरकारी मराठी शाळेतल्या मुलांसाठी मेंटॉर म्हणून जायचंय : परवानगी, मुलांची संख्या, कन्नड, खर्च

तिसरं_रेल्वेगेट

नमस्कार मंडळी. आम्ही पाचजण आहोत, दोघी बायका आणि तिघे पुरुष, सगळे बेळगावातच नोकरीला. खानापूर तालुक्यात जांबोटी रस्त्याकडच्या एका गावात सरकारी मराठी उच्च प्राथमिक शाळा आहे. तिथली सातवीची मुलं आणि तिथूनच पुढं जवळच्या हायस्कुलात गेलेली आठवी-नववीची मुलं, यांना जूनपासून दर शनिवारी वेळ द्यायचा विचार चाललाय. शिकवणी काढायची नाही. कुणाचं कुठं अडतंय ते बघणं, वाचायची सवय लावणं, दहावीनंतर काय काय असतं ते सांगणं, एवढंच डोक्यात आहे.

विचारायचं ते असं. मुख्याध्यापकांची परवानगी पुरते की बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) ऑफिसला जावं लागतं? एकाकडं किती मुलं ठेवावीत? पहिल्या चार शनिवारी नेमकं काय करायचं? आमच्यात कन्नड नीट येणारी एकटीच आहे, मग कन्नडचं काय? खर्च किती धरावा? ‘चांगलं काम आहे, करा करा’ म्हणणारे भरपूर भेटले. कुठं फसतं ते सांगणारं कुणी भेटेना, म्हणून इथं विचारतोय.

निवृत्त_खडू

आधी दोन्ही शाळा सरकारी आहेत का ते बघा. आपल्याकडं बऱ्याच गावांत प्राथमिक शाळा सरकारी असते आणि हायस्कूल एखाद्या शिक्षण संस्थेचं, अनुदानित. दोन्हीकडची वाट वेगळी. सरकारी शाळेत मुख्याध्यापक आणि एसडीएमसी (शाळा विकास आणि देखरेख समिती), अनुदानित हायस्कुलात मुख्याध्यापक आणि संस्थेचे चिटणीस. एकीकडच्या परवानगीवर दुसरीकडची मुलं बोलावली की पहिल्याच महिन्यात कुरबुर सुरू होते.

सरकारी शाळेचा अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे करा. कुठला दिवस, किती ते किती, कुठली इयत्ता, कुठल्या खोलीत बसणार, हे लिहा. आणि ‘कुणाकडूनही फी अथवा मानधन घेतलं जाणार नाही’ हे वाक्य स्वतंत्र ओळीत घाला. ते शोभेचं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नं शिक्षकांना खासगी शिकवणीला बंदी आहे. बाहेरची माणसं शनिवारी शाळेत शिकवतायत म्हटलं की ‘गुरुजींनीच क्लास काढला’ अशी कुजबुज गावात होते आणि उत्तरं मुख्याध्यापकांना द्यावी लागतात. हे वाक्य म्हणजे त्यांच्या हातातली ढाल आहे.

अर्जाला पाचही जणांचे फोटो आणि आधारची झेरॉक्स जोडा. एसडीएमसीच्या बैठकीत ठराव करून घ्या आणि त्याची नक्कल मागून घ्या. तोंडी ‘हो’वर जाऊ नका, कारण समिती बदलते, मुख्याध्यापकांची बदली होते आणि नवे आले की पहिला प्रश्न ‘तुम्ही कोण?’. अर्ज आणि ठराव सीआरपींच्या (आसपासच्या शाळांचं बघणारे खात्याचे शिक्षक) हातून बीईओ ऑफिसला माहितीसाठी पाठवा. तिथला कारभार कन्नडमधून चालतो. एक प्रत कन्नडमध्ये जोडा, नाहीतर कागद टेबलावरच राहतो. भाषेचा वाद त्या खिडकीवर काढायचा नाही, अडतं ते मुलांचं. पोच म्हणून शिक्का घेतल्याशिवाय हलू नका.

पोलीस पडताळणी कुणी मागो न मागो, कर्नाटक सरकारच्या सेवासिंधू पोर्टलवरून अर्ज करून काढून ठेवा. केंद्राच्या विद्यांजली पोर्टलवर स्वयंसेवक म्हणून नोंदणी करता येते, पण तिथं शाळेनंही आपल्या यूडायस (सरकारी शाळा-नोंदणीच्या) क्रमांकानं नोंद केलेली असावी लागते. कागदोपत्री बरं, एवढंच. खरा दरवाजा मुख्याध्यापकच उघडतात.

शनिवारची शाळा सकाळची असते. सुटल्या सुटल्या बसा. ‘जेवून दोनला या’ म्हटलंत तर निम्मी मुलं परत येत नाहीत. मुली तर नाहीतच, घरी गेल्यावर त्यांच्या हातात काम पडतं.

आणि वर्षाचा हिशेब आधी करा. जून ते मार्च चाळीसेक शनिवार दिसतात. जांबोटी-कणकुंबीकडं जुलै-ऑगस्टमध्ये पावसानं सुट्ट्या लागतात, गणपती, दसऱ्याची सुट्टी, नोव्हेंबरात भाताची सुगी, गावची जत्रा, परीक्षा. हाताशी पंचवीसच्या आसपास उरतात. तेवढ्यात बसेल तेवढंच मनात धरा. सुगीत मूल आलं नाही म्हणून रागावू नका, त्या दिवसांत घरात हात मोजून असतात.

एक विनंती. वर्गशिक्षकांनी तपासलेल्या वहीवर लाल पेन चालवू नका. चूक दिसली तर पेन्सिलीनं बारीक खूण करा आणि शिक्षकांना बाजूला बोला.

चिंचोके

गुरुजींनी कागदांचं सांगितलंच आहे, मी शनिवारच्या तासाचं सांगते.

‘एकाला पाच मुलं’ ही वाटणी कागदावर छान दिसते. प्रत्यक्षात पाचांतला एकजण दर शनिवारी गैरहजर असतो आणि त्याची पाच मुलं व्हरांड्यात बसून राहतात. दोन शनिवार असं झालं की तिसऱ्याला ती येत नाहीत. म्हणून जोड्या करा : दोघांकडं मिळून आठ मुलं. तुम्ही पाच, म्हणजे दोन जोड्या, सोळा मुलं, आणि पाचवा मोकळा. हजेरी, साहित्य आणि कुणी आलं नाही तर त्याची जागा, हे काम पाचव्याचं. सोळाच्या वर पहिल्या वर्षी जाऊ नका, गावातून कितीही आग्रह झाला तरी. प्रत्येक जोडीत एक बाई ठेवा.

मुलं निवडताना शाळेला ‘मुलं द्या’ एवढंच म्हणालात तर हुशार सोळा मिळतील. ‘कच्ची द्या’ म्हणालात तर त्यांच्यावर शिक्का बसेल. प्रत्येक इयत्तेतून पुढची, मधली आणि मागची, तिन्ही सारखी मागा.

पहिल्या शनिवारी पुस्तक उघडायचं नाही. नावं, ओळख, आणि एकेकाला बाजूला घेऊन तीन-चार मिनिटं वाचून घेणं. खेड्यातल्या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या असर सर्वेक्षणाची वाचनाची पट्टी असते तशी करा : अक्षरं, सोपे शब्द, चार वाक्यांचा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल गोष्टीवर अडलं तर परिच्छेद द्या, तिथं अडलं तर शब्द. सातवीचं मूल परिच्छेदावर अडखळलेलं बघून चेहरा बदलू देऊ नका, मुलं चेहराच वाचतात. मराठीत अडायच्या जागा ठरलेल्या असतात, त्यातही ‘र’ जास्त : सूर्य, चक्र, ट्रक, दऱ्या. एकच र चार वेषांत येतो. हे चार शब्द पट्टीत मुद्दाम घाला.

दुसऱ्या शनिवारी गणित. सहा उदाहरणं पुरतात, वेळेचं बंधन नको, खाडाखोड पुसू द्यायची नाही :

४०२ − १७८
८२४ ÷ ८
१/२ + १/३
−७ + ३
०.५ आणि ०.३५ यांत मोठा कोणता?
‘त्रेपन्न’ अंकात लिही

बरोबर-चूक मोजू नका, चूक कुठली आहे ते बघा. पहिल्याचं उत्तर ३७६ आलं तर मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतंय, हातचा त्याला कळलेलाच नाही. दुसऱ्याचं १३ आलं तर भागाकारातलं शून्य गळतंय, बरोबर उत्तर १०३. तिसऱ्याचं २/५ आलं तर अपूर्णांक म्हणजे वर-खाली लिहिलेल्या दोन वेगळ्या संख्या अशी समजूत आहे. चौथ्याचं −१० म्हणजे चिन्हाचा अर्थच नाही. पाचव्यात ०.३५ मोठा म्हणणारी मुलं ३५ आणि ५ बघतात. आणि त्रेपन्नचे ३५ हा खास मराठीचा घोळ : ‘त्रे’ आधी ऐकू येतं, तीन आधी लिहिलं जातं. आठवीचं बीजगणित येत नाही अशी तक्रार घेऊन आलेलं मूल बहुतेक वेळा या सहांतल्या दोन-तीन जागीच अडलेलं असतं. समीकरण पुन्हा शिकवून तिथं काही होत नाही.

तिसऱ्या शनिवारी मुलांना गटात सोडून दोघांनी घरं गाठा. ‘तुमच्या मुलाचं गणित कच्चं आहे’ हे उंबऱ्यावर बोलायचं नाही. घरी दिवा कुठं आहे, अभ्यासाला जागा आहे का, सकाळी पाणी-जनावरं कोण बघतं, हे नुसतं बघून या. चौथ्या शनिवारी प्रत्येक मुलाशी बसून दिवाळीपर्यंतची एकच गोष्ट ठरवा. ‘अभ्यास सुधारणे’ असलं काही नको. ‘भागाकारातलं शून्य गळू द्यायचं नाही’ असली.

तास सव्वा तासाचा. दहा मिनिटं गप्पा आणि हजेरी, वीस मिनिटं वाचन (मेंटॉरनं आधी मोठ्यानं वाचायचं, मग जोडीजोडीनं), पंचवीस मिनिटं गणित, पंधरा मिनिटं मुलांनी आणलेल्या अडचणी, पाच मिनिटांत पुढच्या शनिवारचं सांगणं. दीड तासाच्या वर ताणलं की भुकेनं मुलं ऐकत नाहीत. सोळा मुलांना पाऊण किलो चिरमुरे, पाव किलो भाजके शेंगदाणे, मुख्याध्यापकांना विचारून. खाऊ शेवटी. आधी दिलात तर खाऊन पळतात.

साहित्य : सोळा शंभरपानी वह्या, एक हजेरीची वही, आइस्क्रीमच्या दोनशे काड्या आणि वीस रबर (दहाच्या जुड्या बांधून एकं-दहं-शतक दाखवायला), किलोभर चिंचोके, दोन मीटरपट्ट्या, पुठ्ठ्याच्या अपूर्णांक-पट्ट्या. वह्या घरी द्यायच्या नाहीत, शाळेतच पेटीत ठेवायच्या. घरी गेलेल्या वह्यांतल्या निम्म्या पुढच्या वेळी येत नाहीत.

ओत्तक्षर

कन्नडवर कुणी बोललं नाही म्हणून.

आपल्या मुलांना कन्नड कानाला परकं नसतं. बसमध्ये, बाजारात, टीव्हीवर ऐकतात. अडतं ते लिपीपाशी, आणि कारणं मराठीतूनच येतात.

पहिलं, मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण खातो. कन्नडमध्ये तो पूर्ण उच्चारायचा. झाडाला ‘मर’ म्हणतात, आणि आपलं मूल ते मराठीतल्या ‘मर’सारखं तोडून वाचतं. वर्गात हशा पिकतो आणि ते मूल पुढं तोंड उघडत नाही.

दुसरं, कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, दीर्घही. मराठीत हा भेद नाही, त्यामुळं मुलाच्या कानाला तो जाणवतच नाही. ऱ्हस्व ओ घालून ‘कोडु’ म्हणजे दे. तोच ओ लांबवला की शिंग. श्रुतलेखनातल्या बऱ्याचशा चुका इथल्या. उपाय : टाळी. ऱ्हस्वाला एक टाळी, दीर्घाला टाळी आणि हात लांब. रोज दहा जोड्या, तीन आठवडे.

तिसरं ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं खाली लटकणारं अक्षर. अक्क, अम्म, हण्णु असे घरातले शब्द आधी घ्या, कारण बऱ्याच अक्षरांचा खालचा आकार वरच्यापेक्षा वेगळा असतो आणि तो सुटा पाठ करून राहत नाही. रफाराची गंमत अशी की मराठीत तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, कन्नडमध्ये त्या अक्षराच्या नंतर येतो. ‘सूर्य’ दोन्ही लिपींत शेजारी शेजारी लिहून दाखवा.

व, म, प, ष यांचा गोंधळ होतो तो हातानं गिरवूनच जातो, मोबाइलवर बघून जात नाही.

शब्दांची भीती घालवायला सारख्या शब्दांपासून सुरुवात करा : शाळा-शाले, खुर्ची-कुर्चि, खिडकी-किटकि, तूप-तुप्प. पन्नासेक असे शब्द मुलंच गोळा करून आणतात.

आणि चिंचोके मॅडमनी त्रेपन्नचं काढलंच आहे तर, कन्नड आकडे त्यावर औषध आहेत. ऐवत्तमूरु म्हणजे सरळ पन्नास-तीन. एकोणपन्नासला मराठीत ‘पन्नासाला एक कमी’ असा वळसा आहे, कन्नडमध्ये नलवत्तोंबत्तु, चाळीस-नऊ. स्थानिक किंमत समजवायला मुलाला आधी कन्नडमध्ये आकडा म्हणायला लावा, मग लिहायला. एका तासात दोन कामं होतात.

घरच्या बोलीला हात लावू नका. ‘काय करूलास’ म्हणणाऱ्याला ‘काय करतोस म्हण’ असं दुरुस्त केलं की ते मूल मराठीतही गप्प होतं. बोली बोलायला, पुस्तकी लिहायला, असं दोन खणांचं सांगितलं की मुलांना बरोबर कळतं.

तिसरं_रेल्वेगेट

इतक्या बारकाईनं लिहिलंत, सगळ्यांचे आभार. आणखी तीन प्रश्न. आठवीच्या मुलांना एनएमएमएसला (केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा) बसवावं म्हणतोय, त्याची तयारी या शनिवारांत बसते का? कोल्हापूरहून गाईडं आणि सरावाची पुस्तकं स्वस्तात मिळतायत, घ्यावीत का? आणि मुलांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला तर चालेल का?

निवृत्त_खडू

गाईडं घेऊ नका. आपली पुस्तकं कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाची, मराठी माध्यमाची. महाराष्ट्राची बालभारतीची. धड्यांचा क्रम वेगळा, बऱ्याच संज्ञा वेगळ्या, प्रश्नपत्रिकेचा साचा वेगळा. मूल एक शब्द शाळेत ऐकतं, दुसरा तुमच्याकडून, आणि पेपरात तिसराच लिहितं. कर्नाटकाची मराठी पुस्तकं संघाच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मिळतात, तीच उतरवून घ्या.

चिंचोके

गुरुजी, गणित-विज्ञानाच्या गाईडांचं मान्य. पण अवांतर वाचनाला तिकडचीच पुस्तकं लागतील हो. गोष्टींच्या पुस्तकांना कुठला बोर्ड? पन्नास-साठ पातळ पुस्तकं, मोठा टाइप, वीस-चोवीस पानी, एवढी पेटी कोल्हापूरहूनच भरते. जाड पुस्तकं घेऊ नका, मुलं हातात धरतात आणि परत ठेवतात.

निवृत्त_खडू

गोष्टींची घ्या. मी गाईडाचं म्हणत होतो.

दाखला_नाडकचेरी

एनएमएमएसची तयारी शनिवारांत बसते, पण कागद जूनपासूनच गोळा करा. मुलगा पास होतो आणि पैसे येत नाहीत, याचं कारण बहुतेक वेळा कागदच.

परीक्षा आठवीत. मूल सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या शाळेत हवं, सातवीत ५५ टक्के हवेत (एससी-एसटीला ५ टक्के सूट), पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. दोन पेपर : बौद्धिक क्षमता ९० प्रश्न, शालेय विषय ९० प्रश्न, प्रत्येकाला ९० मिनिटं, चुकीला गुण वजा नाहीत. दोन्ही मिळून निदान ४० टक्के पडावे लागतात, एससी-एसटीला ३२. पण हा फक्त उंबरठा, निवड गुणानुक्रमानं होते. परीक्षा डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास असते, तारीख दर वर्षीच्या परिपत्रकात बघा. अर्ज शाळेतून भरला जातो. त्यात माध्यमाच्या रकान्यात मराठी पडलंय का, हे छापील प्रतीवर मुख्याध्यापकांसमोर बसून तपासा.

तयारी म्हणाल तर बौद्धिक क्षमतेचा पेपर शनिवारी घ्यायला सोयीचा : संख्यामालिका, सांकेतिक भाषा, आरशातली प्रतिमा, लपलेली आकृती. ऑगस्टपासून दर शनिवारी वीस मिनिटं, एक प्रकार, पंधरा प्रश्न. नोव्हेंबरात तीन पूर्ण पेपर घड्याळ लावून. एका प्रश्नाला एकच मिनिट असतं, आणि आपली मुलं अडलेल्या प्रश्नाला चिकटून बसतात. शेवटचे वीस-पंचवीस प्रश्न कोरे राहतात, उणे गुण नसतानाही. ‘शेवटची तीन मिनिटं उरली की राहिलेले सगळे गोल काळे कर’ हे सरावात करून घ्या, नुसतं सांगून भागत नाही. शालेय विषयांच्या पेपरात सातवी-आठवीचं विज्ञान, समाज आणि गणित येतं, ते शाळेच्याच पुस्तकातून होऊ द्या.

आता कागद. उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (महसूल खात्याचं स्थानिक ऑफिस) निघतो, त्यावरचा आरडी क्रमांक जपून ठेवा, जातीच्या दाखल्याचाही. शाळेतला सॅट्स क्रमांक (राज्याच्या विद्यार्थी-नोंदणीतला) लिहून घ्या. सगळ्यात मोठी डोकेदुखी नावाची. आपल्या मुलांचं नाव मराठीतून कन्नडमध्ये आणि तिथून इंग्रजीत जातं. ज्ञानेश्वर मराठी वळणानं इंग्रजीत डी अक्षरानं सुरू होतो, कन्नड वळणानं जे अक्षरानं, आणि आधार केंद्रावरच्या पोरानं कानावर पडलं तसं लिहिलं तर जी अक्षरानं. शाळेत एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. वडिलांचं नाव आणि आडनाव पुढं-मागं, तो वेगळाच घोळ. पहिल्याच महिन्यात चार रकान्यांची यादी करा : शाळेतलं नाव, आधारवरचं, बँकेतलं, जन्मदाखल्यावरचं. जिथं फरक आहे तिथं आधी आधार दुरुस्त करा, मग बँक. उलट केलंत तर दोन वेळा हेलपाटे.

खातं मुलाच्याच नावाचं आणि आधारशी जोडलेलं असावं. निवडीनंतर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करावा लागतो, आणि दर वर्षी नूतनीकरण. नववीत पैसे आले, दहावीत आले नाहीत, अशी तक्रार आली की आधी नूतनीकरण झालं होतं का ते विचारा. दहावीत ६० टक्के हवेत (एससी-एसटीला ५५), तरच अकरावीला सुरू राहते. आणि पुढं विनाअनुदानित खासगी कॉलेजात गेलं की बंद. हे पालकांना आधीच सांगून ठेवा.

नवोदयचं कुणीतरी विचारेलच. सहावीच्या प्रवेशाची परीक्षा पाचवीत, ती तुमच्या गटाला लागू नाही; आठवीतल्यांना फक्त नववीतल्या रिकाम्या जागांसाठीची वेगळी परीक्षा असते. पाचवीची त्यांच्या धाकट्या भावंडांना सांगा.

मलप्रभाकाठ

व्हॉट्सॲप ग्रुप मुलांचा नको. पालकांचा काढा, त्यात एक शिक्षक असू द्या, आणि फक्त निरोप. रात्री मुलीला किंवा मुलाला वैयक्तिक मेसेज नाही, कितीही साधा असो. आठवीतल्या मुलाकडं फोन बहुतेक घरचा असतो, मेसेज कोण वाचेल सांगता येत नाही.

ज्या खोलीत बसाल तिचं दार उघडं, शक्यतो व्हरांडाच. एकटं मूल आणि एकटा मेंटॉर अशी बैठक कधीच नाही. गाडीवर डबलसीट घेऊन सोडायला जाणं नाही. फोटो काढायचे तर लेखी संमती घेऊन, आणि फेसबुकवर नाहीच. पैसे उसने देणं नाही. फी, चष्मा, सायकल असलं काही अडलं तर ते शाळेमार्फत.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा (२०१२) तुम्हालाही लागू आहे. मुलानं अत्याचाराचं काही सांगितलं किंवा तसं कळलं, तर कलम १९ प्रमाणं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा. म्हणून ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मुलाला द्यायचं नाही. खोदून विचारायचं नाही, चारजणांपुढं पुन्हा वदवून घ्यायचं नाही. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, तारीख-वेळ घाला. १०९८ या चाइल्डलाइनच्या नंबरवर फोन करता येतो. ‘गावातलं गावात मिटवू’ म्हणणारे भेटतील, त्यांना कायदा दाखवा. नववीतल्या मुलीचं लग्न ठरतंय असं कानावर आलं तरी नंबर तोच.

तिसरं_रेल्वेगेट

कळलं. ग्रुप पालकांचाच. शेवटचं, दहावीनंतरचं मार्गदर्शन नववीपासून करावं का? की लवकर होतं?

ओत्तक्षर

नववीच योग्य. दोन गोष्टी नववीतच केल्या तर उपयोग.

एक, संज्ञा. मराठी माध्यमातून सायन्सला गेलेलं मूल पहिल्या तिमाहीत विषयानं खचत नाही, शब्दांनी खचतं. चाल-स्पीड, वेग-व्हेलॉसिटी, घनता-डेन्सिटी, आम्ल-ॲसिड. आठवड्याला दहा जोड्या, वहीच्या मागच्या पानापासून. पंचवीस शनिवारांत अडीचशे होतात, आणि अकरावीच्या पहिल्या पाठांना तेवढे पुष्कळ.

दुसरी, कुठल्या राज्यात शिकायचं. आपल्याकडं दहावी झाली की अर्धी घरं चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडं बघतात. जा, पण हिशेब करून. कर्नाटकात पुढं सीईटीतून इंजिनिअरिंगला सरकारी जागा हवी असेल तर पहिली ते बारावीत निदान सात वर्षं कर्नाटकात शिकलेलं असणं आणि दहावी किंवा बारावी इथून पास असणं, हा नेहमीचा निकष. पहिलीपासून इथंच शिकलेल्याचा तो अकरावी तिकडं करूनही बहुधा पुरा होतो, पण दाखले शाळेकडून आत्ताच घेऊन ठेवा. महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेत वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. आपलं गाव त्या यादीत आहे का आणि प्रमाणपत्र कुठल्या नमुन्यात लागतं, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघायचं. आयटीआय आणि डिप्लोमा दहावीवरच मिळतात हे बऱ्याच पालकांना कुणी सांगितलेलंच नसतं. एक शनिवार त्यासाठी ठेवा, आणि पालकांना बोलवा. मुलांना एकट्यांना सांगून निर्णय होत नाहीत.

चिंचोके

खर्चाचं राहिलंच. वह्या, काड्या, पट्ट्या, पुस्तकांची पेटी हा एकदाचा. मग दर शनिवारी खाऊ आणि प्रवास. दोघी बायकांना शक्ती योजनेत साध्या सरकारी बसला तिकीट पडणार नाही, आधार जवळ असू द्या. बसच्या वेळा मात्र आधी बघा, जांबोटीकडची एक बस चुकली की तुमचा तास गेला. पैसे पाचांनी महिन्याला सारखे काढा आणि खर्च हजेरीच्या वहीच्या मागं लिहा. देणगी गोळा करायला लागलात की पावती मागणारे येतात, पहिल्या वर्षी ते नकोच.

आणि शाळा सुटल्यावर खोलीची किल्ली कुणाकडं असते ते आधीच विचारून ठेवा. ती बहुतेक स्वयंपाकाच्या मावशींकडं असते, आणि शनिवारी त्यांनाही लवकर घरी जायचं असतं.

तिसरं_रेल्वेगेट

किल्लीचं खरंच डोक्यात नव्हतं. सोमवारी मुख्याध्यापकांना भेटतोय, अर्जाची कन्नड प्रत तयार करायला घेतली आहे. बीईओ ऑफिसची पोच मिळाली की इथं लिहितो.